एक्केचाळीस खुणा

माघ सरत आला की इंदिरानगरच्या आमच्या घरी द्राक्षांची एक पेटी येते. विंचूरच्या अलीकडच्या एका गावातून शहरात माल आणणारा टेम्पोवाला फाटकाशी थांबून हॉर्न वाजवतो, पेटी पायरीवर ठेवतो आणि "नानांनी दिली" एवढे बोलून निघून जातो. पेटी उघडली की आधी कोऱ्या कागदाचा वास येतो, मग पहाटेच्या गारव्याचा, आणि सर्वांत शेवटी द्राक्षांचा. पत्नी घड धुऊन काचेच्या भांड्यात मांडते. मी दोन मणी तोंडात टाकतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो. आवडत नाहीत का, असे तिने पहिल्या वर्षी विचारले होते. पुढे विचारणे सोडले. या फळावर माझा हक्क नाही, हे पाठवणाऱ्याला एका वाक्यात कळवता आले असते. ते वाक्य मी नऊ वर्षे लिहिले नाही.

मी विमान चालवायला शिकवत असे. सव्वीस वर्षे हेच केले, आणि त्यातली शेवटची काही वर्षे नाशिकबाहेरच्या एका लहानशा संस्थेत. एक धावपट्टी, पत्र्याचे एक हँगर, जेमतेम दोन माणसे मावतील अशी तीन विमाने, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा, उन्हाने विटलेला नारिंगी कापडी मोजा. आता ती संस्था बंद आहे. मागे एकदा त्या बाजूने गेलो तेव्हा धावपट्टीच्या भेगांतून कंबरेएवढे गवत आले होते आणि मोजाच्या खांबावर नुसते लोखंडी कडे उरले होते.

पण माघ-फाल्गुनाच्या सकाळी तिथली हवा! नवशिक्यासाठी याहून दयाळू हवा मी कुठे पाहिली नाही. पहाटे थंडीने वेलींना इजा होऊ नये म्हणून बागायतदार बांधावर शेकोट्या पेटवत, आणि त्यांचा धूर दोऱ्यासारखा सरळ वर चढलेला दिसे. तो धूर वाकला नाही तोवर वारा नाही, हे आमचे पहिले हवामानखाते. हजार फुटांवरून खाली बागांचे हिरवे चौकोन, मधूनच शेततळ्यांचे चकाकणारे तुकडे, लांब गोदावरीच्या पात्रावर धुक्याची एक रेघ. साडेदहानंतर माती तापू लागे, हवा खालून धक्के देऊ लागे, आणि मग विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या गाडीसारखे उडू लागे. म्हणून आमचा दिवस सातला सुरू होई. विमानाचे पंख रात्रीच्या दवाने भिजलेले असत. ते फडक्याने पुसताना बोटे बधिर होत, आणि अश्विनी ते फडके माझ्या हातून काढून घेत म्हणे, "द्या सर, माझ्या हाताला थंडी माहीत आहे."

अश्विनी नानांची मुलगी. नानांची सहा एकर द्राक्षबाग. लहानपणापासून ती बागेत विरळणी करत आलेली; म्हणजे घड दाटला की शेजारच्या मण्याला धक्का न लावता नेमके नको ते मणी कातरीने काढून टाकायचे. तासन्‌तास हात वर करून हे काम करायचे असते. तिच्या अंगठ्याला कातरीचे घट्टे होते. शिकायला आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. नाना तिला पिकअपमधून सोडायला आले, विमानाभोवती एक फेरी मारली, पंखावर टिचकी मारून पाहिली आणि मला म्हणाले, "सर, लय पातळ पत्रा हाय हो. आमच्या फवारणीच्या टाकीला यापेक्षा जाड असतो." मी म्हणालो, हलके असते म्हणूनच उडते. त्यावर नाना म्हणाले, "मग आमची अशी उडणारच. घरात कोणाचं ऐकून घेत नाय, लय हलकी हाय." अश्विनीने "नाना" एवढेच म्हणून डोळे मोठे केले. त्या दिवशी आम्ही तिघेही हसलो होतो.

आता जे सांगायचे ते सांगण्यापूर्वी त्या लहान विमानाची रचना सांगायला हवी. त्यात दोन आसने शेजारी-शेजारी असतात. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिक्षक. दोघांच्याही समोर अर्ध्या कापलेल्या स्टिअरिंगसारखे एकेक कंट्रोल असते आणि ती दोन्ही आतून जोडलेली असतात. एकाने आपले ओढले की दुसऱ्याचेही तेवढेच ओढले जाते. उतरताना सगळे कसब शेवटच्या दोन-तीन सेकंदांत असते. चाके जमिनीपासून हातभर राहिली की कंट्रोल हळूहळू मागे ओढायचे, नाक वर उचलायचे, आणि विमान स्वतःहून थकून खाली बसेपर्यंत धीर धरायचा. लवकर ओढले तर ते वर उसळते, उशीर केला तर नाकावर आपटते. हे कुणाला सांगून येत नाही. हाताला एक दिवस कळते.

ज्यांनी मला शिकवले ते वृद्ध शिक्षक उतरताना हातांची घडी घालून बसत. मुद्दाम, मला दिसेल अशी. माझी पहिली पन्नास लँडिंग भयंकर होती. दर वेळी त्यांची टोपी पुढे घसरे, ते ती मागे सारत आणि पुन्हा हातांची घडी घालत. कंबर त्यांची दुखत असणार; माझीही दुखे. मग एका सकाळी त्यांनी चालू इंजिनातच दार उघडले, खाली उतरले, आणि आपल्या रिकाम्या आसनाचा पट्टा नीट आवळून बांधला. मोकळा राहिला तर तो कंट्रोलमध्ये अडकू शकतो, म्हणून ही पद्धत. पट्टा बांधता बांधता ते म्हणाले होते, "विमान हलकं लागेल. घाबरू नकोस. ते माझं वजन होतं." मी एकटा वर गेलो. शेजारी आवळून बांधलेली एक रिकामी जागा होती आणि मला माझ्या हातांवर शंका नव्हती, कारण त्या हातांनी केलेली प्रत्येक चूक मला ठाऊक होती.

मी शिक्षक झालो तेव्हा ही घडी काही दिवस घातली. पुढे ती कधी सुटली ते आठवत नाही. माझी उजव्या हाताची दोन बोटे, तर्जनी आणि मधले, कंट्रोलच्या खालच्या कडेला टेकू लागली. धरत नव्हतो, नुसती टेकत होतो, असे मी स्वतःला सांगत असे. भीती हे त्याचे सभ्य कारण. दुसरे कारण कमी सभ्य आहे. मी शेजारी बसलो की विमान जमिनीवर कसे अलगद टेकते याचे हँगरमध्ये कौतुक होई, आणि मला ते कौतुक आवडे. आणखी खोल गेलो तर तिसरेही सापडते: आपल्यावाचून यांचे अडते, ही जाणीव पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला फार ऊब देते.

अश्विनीकडे उड्डाणांची नोंदवही होती. ती प्रत्येक विद्यार्थ्याकडे असते. पण तिच्या वहीत समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा असत, शाळेत बाई बरोबर उत्तरावर करतात तशा. चांगल्या लँडिंगला एक खूण. पण ती स्वतःहून कधी खूण करत नसे. आधी मला विचारी. विमान धावपट्टीवरून बाजूला वळले की तिचा प्रश्न ठरलेला, "सर, हे माझं ना?"

पहिल्यांदा तिने हे विचारले तेव्हा मी तिच्याकडे पाहिले नाही. समोर शेतात कुणीतरी ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते, तिकडे पाहत राहिलो. माझ्या दोन बोटांनी शेवटच्या क्षणी काहीतरी केले होते. किती, ते मलाही नक्की ठाऊक नव्हते. पण काहीतरी केले होते, हे ठाऊक होते.

"तुझंच," मी म्हणालो.

तिने वही मांडीवर घेऊन खूण केली. पुढे हे सवयीचे झाले. चार शब्द तिचे, एक माझा. ती विचारत होती याचाच अर्थ तिच्या हाताला काहीतरी जाणवत होते, हे मला आज कळते. ज्या हाताला दाटलेल्या घडातला एक मणी शेजाऱ्याला न दुखावता काढता येतो, त्या हाताला माझी बोटे जाणवली नसतील, हे शक्य नाही. तिचा हात खरे सांगत होता आणि तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

पहिल्यांदा एकटा उडून आलेल्या विद्यार्थ्याला बादल्यांनी न्हाऊ घालायची आमच्याकडे रीत असे. नानांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, संस्थेच्या टाकीतले पाणी नको, मी आमच्या विहिरीचे आणतो. आणि खरोखरच त्या सकाळी ते दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये विहिरीचे पाणी घेऊन आले. पेढ्यांऐवजी वाटायला द्राक्षेही आणली होती. बागेत काढणी सुरू होती, तरी अंगावर इस्त्रीचा सदरा.

धूर सरळ होता. आम्ही दोघांनी तीन चकरा मारल्या, तीन लँडिंग केली, तीनदा तिने विचारले, तीनदा मी उत्तर दिले. मग मी चालू इंजिनात दार उघडून उतरलो, माझ्या आसनाचा पट्टा आवळून बांधला आणि माझ्या शिक्षकांचे वाक्य तसेच्या तसे म्हणालो, "विमान हलकं लागेल. घाबरू नकोस. ते माझं वजन होतं." तिने मान हलवली. तिच्या ओठावर घामाचे दोन थेंब होते, त्या थंडीत.

ती सुरेख वर गेली. माझ्या वजनाविना विमान चटकन सुटले आणि तिने ते सांभाळले. पहिले वळण, दुसरे, बागांवरून समांतर जाणारी लांब रेघ. नाना माझ्याशेजारी डोळ्यांवर हात धरून उभे होते. "एकटीच हाय ना आत?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, एकटीच. "आई पाहिजे होती तिची," ते म्हणाले.

विमान शेवटचे वळण घेऊन समोर आले. उंची बरोबर, वेग बरोबर. चाके जमिनीपासून हातभर राहिली. आणि त्याच क्षणी, धावपट्टीच्या कडेला गवतात उभ्या असलेल्या माझा उजवा हात पुढे आला आणि हवेत मागे ओढला गेला. दोन बोटे, तर्जनी आणि मधले. हवेत धरायला काही नव्हते. विमानाचे नाक वर आले नाही.

ते नाकावर आपटले, उसळले, पुन्हा आपटले. पुढचे चाक मोडून पडले, नाकावरचा पंखा डांबरात घुसून वाकला, आणि मग अशी शांतता झाली की नानांचा पाय लागून कॅनच्या झाकणाची कडी वाजलेली मला ऐकू आली. मी धावलो. मी पोहोचण्यापूर्वीच तिने दार उघडले होते आणि ती आपल्या पायांनी बाहेर आली होती. ओठ फाटला होता. बाकी काही नाही. नानांनी तिला तोंड धुवायला विहिरीचे पाणी दिले. न्हाऊ घालायला आणलेल्या त्या पाण्याने ती चुळा भरत होती आणि गवतावर लाल थेंब पडत होते.

"सॉरी सर," ती म्हणाली. "मी वाट बघत राहिले."

"कशाची?"

तिने विचार केला. "माहीत नाही."

मला माहीत होते.

चौकशीला विमान वाहतूक खात्याचे एक अधिकारी आले. मनाने भले होते. त्यांनी मला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला, तिची एकटीने उडण्याची तयारी होती का. मी म्हणालो, होती. अहवालात लिहिले गेले की विद्यार्थिनीचा अंदाज चुकला. त्याखाली तिने सही केली, मीही केली. माझे अक्षर नेहमी सुंदर असते. त्या दिवशीही होते. मी खोटे बोललो नाही, विचारले तेवढ्याचे उत्तर दिले, असे मी बरीच वर्षे स्वतःला समजावले. माणूस स्वतःच्या बाजूने किती बारीक वाचतो!

ती पुन्हा आली नाही. नाना दोनदा तिला फाटकापर्यंत घेऊन आले. ती पिकअपमधून उतरली नाही. "हातावरचा भरोसा गेला म्हणते," ते मला म्हणाले. पुढे शेजारच्या गावी तिचे लग्न झाले. आणि त्या वर्षापासून माघ सरताना पेटी येऊ लागली. पहिल्या पेटीच्या वेळी नानांचा फोनही आला होता. तुम्ही नीट शिकवले होते म्हणूनच पोरगी चालत बाहेर आली, असे ते म्हणाले, आणि मी ऐकून घेतले.

संस्था बंद झाली तरी उडण्याचा परवाना मी टिकवून होतो. यंदा जानेवारीत त्यासाठीच्या वैद्यकीय तपासणीत हृदयाच्या आलेखावर काहीतरी दिसले आणि माझे उडणे कायमचे थांबले. त्यानंतर आठच दिवसांत मला अश्विनीला खरे सांगण्याचा धीर आला. या योगायोगाचा अर्थ मी लपवणार नाही. खरे बोलून गमावण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा मला खरे बोलावेसे वाटले. पेटी येण्याची वाट न पाहता मी स्वतःच गेलो.

काढणीचे दिवस होते. बागेत बायका कातऱ्या घेऊन घड उतरवत होत्या, पॅकिंगच्या शेडमध्ये पंखे फिरत होते, निळ्या क्रेटांच्या थप्प्या लागल्या होत्या. नाना आता काठी घेऊन चालतात. मला पाहून म्हणाले, "सर, यंदा स्वतः आले? टेम्पोवाल्यावर भरोसा नाय का राहिला?" अश्विनी शेडमध्ये होती. हंगामात ती माहेरी येऊन पॅकिंगचे सगळे पाहते, हे मला ठाऊक नव्हते; मी नानांना तिच्या सासरचा पत्ता विचारणार होतो. तिशीची झाली आहे. ओठावर बारीक पांढरी रेघ आहे. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच हसून म्हणाली, "थांबा सर, एक गंमत दाखवते," आणि कपाटातून ती नोंदवही घेऊन आली.

वहीच्या कडा मऊ झाल्या होत्या. तिने पाने उलटून समासातल्या खुणा दाखवल्या. "माझी मुलगी यावर आकडे शिकली. एक्केचाळीसच्या पुढचे शाळेत शिकली." तिने बोटाने एका खुणेवर थांबून सांगितले की हे मोराच्या दिवसाचे, धावपट्टीवर मोर आला होता, आठवते का सर. आठवत होते. "शेवटचं सोडा," ती म्हणाली, "पण कधी फार वाईट वाटलं की मी ही वही काढते. म्हणते, एक्केचाळीस वेळा तर जमलं होतं."

इथे मी थांबायला हवे होते. चहा पिऊन, पेटी घेऊन निघून यायला हवे होते. त्या दिवसापासून रोज हा विचार मनात येतो. पण मी नऊ वर्षे वाट पाहून तिथे गेलो होतो, वाक्य ओठांवर घेऊन, आणि मला ते खाली ठेवायचे होते. कुणाच्या हातात ठेवतो आहे, हे मी पाहिले नाही.

मी सांगितले. दोन बोटे. गवतात उभा असताना हवेत ओढला गेलेला हात. चौकशीतला प्रश्न आणि मी दिलेले उत्तर. तिचा हात चांगला होता, मी त्याला शिकू दिले नाही, चूक तिची नव्हती, असे सगळे सांगितले. मला वाटले होते की हे ऐकून तिच्या मनावरचे ओझे उतरेल.

तिने वहीचे एक पान मागे उलटले, मग आणखी एक. शेडमध्ये कुणीतरी चिकटपट्टी ओढल्याचा आवाज झाला.

"यातली कोणती माझी, सर?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "मलाच ठाऊक नाही."

"काही तर असतील."

"असतील. कोणती ते माहीत नाही."

तिने अंगठ्याने एक पान सरळ केले. "आणि शेवटचं?"

"ते तुझं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिने मान हलवली, एखादा क्रेट मोजून झाल्यावर हलवावी तशी. रागावली असती तर मला बरे वाटले असते. तेही सुख तिने मला दिले नाही. वही मिटून तिने उराशी धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "नानांना सांगू नका. त्यांना या खुणा पाठ आहेत." मग आतून कुणीतरी वजनासाठी हाक मारली आणि ती गेली.

नाना स्वतः पेटी घेऊन गाडीपर्यंत आले, एका हातात काठी, दुसऱ्या काखेत पेटी. मला ती घेऊ देईनात. त्यांनी ती माझ्या शेजारच्या आसनावर ठेवली. मी सवयीने वाकून पट्टा ओढला आणि पेटीवरून आवळून बांधला. नानांना त्याचे हसू आले. मग ते खिडकीत वाकले. शेडच्या दारात अश्विनी येऊन उभी राहिली होती, आमच्याकडे पाहत.

"वही दाखवली ना तिनं?" नाना म्हणाले. "एक्केचाळीस, सर. मी कोणालाबी सांगतो. एक डाव चुकली, पण एक्केचाळीस येळा बरोबर उतरवलं पोरीनं. सगळी तिचीच ना?"

मी दाराकडे पाहिले. ती हलली नाही.

"तिचीच, नाना," मी म्हणालो.